काटेसाहेब वेल्डिंग मशीन घेतात

आमचे भावोजी कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचं वजन सांगतात. वस्तू कशाची आहे, कुणाची आहे, आपल्याला कुणी विचारलंय का, हे सगळं नंतर. कुणाकडे बाळ झालं की बाकीचे लोक नाक आईचं की बापाचं ते बघतात. भावोजी बाळाला दोन्ही हातांवर घेतात, डोळे अर्धवट मिटतात आणि निकाल देतात, "तीन किलो शंभर." दवाखान्याच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असतं. मग सगळे वा वा करतात आणि हे असे छाती काढून बसतात, जसं काही बाळ यांनीच घडवलंय.

त्यांची सगळी नोकरी एका लोखंडाच्या वखारीत वजनकाट्यावर गेली. ट्रक आला की काट्यावर चढवायचा, आकडा बघायचा, चिठ्ठी फाडायची. त्यावरून त्यांना सगळे काटेसाहेब म्हणतात. हे नाव कुणीतरी थट्टेनं ठेवलं होतं, पण त्यांनी ते पदवीसारखं घेतलं. मी त्यांची एकुलती एक मेहुणी. कपडे शिवते. माझ्या घराची मागची भिंत आणि त्यांच्या अंगणाची भिंत एकच आहे, त्यामुळे त्यांचं कुठलंही शहाणपण माझ्यापर्यंत ताजं ताजं पोचतं.

काटेसाहेबांचा एक किस्सा आहे. चार माणसं जमली की तो निघतोच. एकदा म्हणे पत्र्याच्या भंगाराच्या गाठी घेऊन एक ट्रक आला. काट्यानं आकडा दाखवला, मालक पैसे द्यायला निघाले, आणि यांनी हात वर केला. "साहेब, एवढ्याशा पत्र्याला एवढं वजन? गाठी फोडा." गाठी फोडल्या तर आत दगड. ड्रायव्हर पळाला, मालकांनी पाठ थोपटली. किस्सा संपला की भावोजी दोन्ही तळहात पुढे करतात आणि म्हणतात, "मशीन फसेल, हे फसणार नाहीत." मी हे इतक्या वेळा ऐकलंय की ड्रायव्हर कुठल्या क्षणी पळतो ते मी शिवता शिवता सांगू शकते.

आता यांची दुसरी बाजू. माणसाला वजन कळतं म्हणून त्याला वजनाशिवाय दुसरं काहीच कळत नाही. ताईसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीसाठी, त्यांनी आजवर जे जे आणलं ते सगळं जड. तवा आणला तो असा की उचलताना मनगटातून कळ यावी. पांघरूण आणलं त्याखाली कूस बदलता येत नाही. कपाट आणलं ते जिथे ठेवलं तिथेच आहे, मागे पडलेला चमचासुद्धा आता कपाटाचा. "माल आहे, माल!" असं म्हणत ते प्रत्येक वस्तूवर थाप मारतात. आणि ताई? ताई म्हणते, "छान आहे हो." मग माझ्याकडे एक हलका तवा ठेवून देते आणि भावोजी फिरायला गेले की भिंतीवरून मागून घेते. मी म्हणायची, "अगं, सरळ सांग ना, झेपत नाही म्हणून." तर म्हणते, "जाऊ दे गं. एवढ्या हौसेनं आणलाय. त्यांना बरं वाटतं."

ताई पायऱ्यांवरून पडली. मागच्या दारातून अंगणात उतरायच्या पायऱ्या, उंच आणि अरुंद, बाजूला धरायला काही नाही. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चालायचं, बसून राहायचं नाही. पण त्या पायऱ्यांना कठडा लावल्याशिवाय उतरायचं नाही. पुन्हा पडलात तर मी काही करू शकणार नाही."

अंगण म्हणजे ताईचा जीव. झाडं तिथे, कपडे वाळत घालायची तार तिथे, माझ्या भिंतीला लागून तिची बसायची फरशी तिथे. ती अलीकडे आणि मी पलीकडे, अशा आमच्या सगळ्या आयुष्याच्या गप्पा त्या भिंतीवरून झाल्या. आता ती मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची, गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखी, आणि झाडांकडे लांबून बघायची.

मी दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या गेटवाल्याला घेऊन आले. हा आमच्या भागातल्या सगळ्या जाळ्या, गेटं, जिने करतो. त्यानं टेप लावली, पायऱ्या बघितल्या, मला म्हणाला, "बाई, परवा लावून देतो." झालं ना काम? नाही झालं. काटेसाहेब आतून आले.

"कसली मापं चाललीत?"

"कठड्याची," मी म्हटलं.

"राहू दे. कठडा मी करणार."

"तुम्ही? कशानं? वजन सांगून?"

"वेल्डिंग करून," ते म्हणाले. "आयुष्यभर लोखंड माझ्यासमोरून गेलं. दुसऱ्याचं. मी नुसता आकडे लिहीत बसलो. आता घरी मशीन घेणार. कठडा करीन, मग स्टूल, मग झाडांसाठी मांडणी. याला दिलं तर एक काम होईल. मशीन घरात राहील ते राहीलच."

गेटवाल्यानं टेप गुंडाळली. तो माझ्याकडे बघून हसला आणि निघून गेला. खरं सांगते, त्या क्षणी भावोजींच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कळलं. माणसानं जन्मभर लोखंड मोजलं आणि एक खिळासुद्धा स्वतः वाकवला नाही, तर त्याला असं वाटणारच. पण वाटायला आमच्या ताईचीच पायरी सापडली? स्टूल आधी करा, मांडणी आधी करा, पडेना का ती मांडणी!

मग सुरू झाली मशीनची निवड. लोक मुलीसाठी स्थळं बघतात त्याहून चवीनं. मोबाइलवर दिवसभर ठिणग्या उडायच्या. जेवताना अँपिअर, चहा पिताना अँपिअर. ज्या माणसाला कालपर्यंत फ्यूज बदलायला शेजारी लागायचा तो मला सांगायला लागला की रॉडचं वेल्डिंग वेगळं, तारेचं वेगळं, तारेला गॅस लागतो, काही तारांना लागत नाही. मी म्हटलं, "भावोजी, पायऱ्या चारच आहेत. पूल बांधायचा नाहीये."

पहिल्या दुकानात मला बरोबर नेलं. काटेसाहेबांना खरेदी करताना कुणीतरी बघायला लागतं. दुकानदार समजूतदार होता. काय करायचंय, घरची वायरिंग कशी आहे, पूर्वी कधी केलंय का, असं सगळं विचारलं त्यानं. मग जेवणाच्या डब्याच्या पिशवीएवढं एक मशीन काउंटरवर ठेवलं. "काका, शिकणाऱ्याला हे बरोबर. घरच्या लाइनीवर चालतं, पाइपाला, पट्टीला भरपूर झालं. कंपनी ओळखीची, बिघडलं तर दुरुस्तीला माणूस आहे. आणि आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त हेच."

भावोजींनी मशीनचा पट्टा धरला आणि उचललं. एका हातात आलं. डोळे अर्धवट मिटले. मला कळलं, गेलं हे स्थळ.

"चार किलोला जरा कमी," ते म्हणाले. "यात काय आहे?"

"काका, आता असंच असतं. पूर्वी आत तांब्याचं मोठं वेटोळं असायचं, म्हणून जड. आता सर्किटवर चालतं."

"म्हणजे हवा," भावोजी म्हणाले. "हवेचे पैसे मी देत नाही."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दुकानात तारेचं मशीन होतं. त्याच्याबरोबर गॅसची टाकी येते हे कळल्यावर भावोजींचे डोळे चमकले, टाकी चांगली भरदार होती. पण घरी आल्यावर ताई आयुष्यात पहिल्यांदा "नाही" म्हणाली. स्वयंपाकघरात एक सिलिंडर आहे, अंगणात दुसरा नको. तिसऱ्या दुकानात जुन्या पद्धतीचं मशीन मिळालं, खाली चाकं लावलेलं, खरोखरचं तांबं पोटात असलेलं. ते त्यांना उचलेना. बाहेर येईपर्यंत ते त्याच्याकडे वळून वळून बघत होते. पण त्याला कारखान्याची लाइन लागते आणि किंमत ऐकून तर त्यांनी तोंडच फिरवलं. थोडक्यात, काटेसाहेबांना मशीन पाहिजे होतं ते जुन्याचं वजन आणि नव्याची किंमत असलेलं. असं मशीन या जगात नसतं हे माझ्यासारख्या टेप गळ्यात घालून बसलेल्या बाईला कळतं, पण तळहात न फसणाऱ्या माणसाला नाही कळत.

तोवर अंगणाची दशा झाली. मी भिंतीवरून पाइप टाकून झाडांना पाणी घालायची. ताई दारातून सांगायची, "जरा डावीकडे. अगं, त्या कुंडीला नको, तिला चालत नाही." एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "तू गप्प कशी बसतेस गं? बोल ना त्यांना. पायरी उतरता येईना आणि ह्यांची स्वयंवरं चाललीत!"

"बोलून काय होणार?" ताई म्हणाली. "नोकरी सुटल्यापासून भिंतीकडे बघत बसायचे. आता सकाळी उठून कामाला लागतात. राहू दे."

"आणि तू?"

"मी बसलेय की इथे."

मला तिचाही राग आला. तिचा जास्त आला.

शेवटी मशीन आलं. बाजारामागच्या गल्लीत, जिथे नट-बोल्टांपासून जुन्या पंख्यांपर्यंत सगळं जमिनीवर मांडलेलं असतं, तिथे एका विक्रेत्याकडे ते सापडलं. लाल रंगाचं, वर सिंहाचं चित्र, आणि अँपिअरचा आकडा एवढा मोठा छापलेला की चष्म्याशिवाय वाचता यावा. कंपनीचं नाव मी आजवर कुठे ऐकलेलं नाही. आकार पहिल्या दुकानातल्या मशीनएवढाच, किंमत त्याहूनही कमी. विक्रेता काही बोललाच नाही म्हणे. गिऱ्हाईक कोण आहे हे त्यानं लांबूनच ओळखलं असणार. नुसतं म्हणाला, "काका, उचलून बघा."

घरी आणल्यावर ते आधी माझ्या हातात दिलं, मग शेजाऱ्यांच्या, मग पोस्टमनच्या. "बघा, बघा, उचला. साडेनऊ! तेवढ्याच खोक्यात! याला म्हणतात माल." पोस्टमन बिचारा उन्हातून आलेला, तोही उचलून "बापरे" म्हणाला. ताईला उचलायला सांगितलं नाही एवढी तरी शुद्ध होती. ताई म्हणाली, "छान आहे हो."

कामाला सुरुवात झाली आणि पहिल्याच ठिणगीला घरातली लाइट गेली. माझ्याकडची पण गेली, लाइन एकच ना. माझं शिवणाचं मशीन अर्ध्या टाक्यावर थांबलं. मग रोज तसंच. पलीकडून "चर्र" असा आवाज आला की मी पाय उचलून घ्यायची. तोंडावर धरायची काळी काच होती, पण भावोजींना आधी नेम धरायचा असायचा आणि मग काच. "नुसतं टेकवताना काय होतंय?" असं म्हणायचे. पहिल्याच संध्याकाळी डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं झालं, पाण्याच्या धारा लागल्या. ताई बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवत होती. आजारी कोण, शुश्रूषा कोण करतंय, काही ताळमेळ!

आणि काम? रॉड लोखंडाला चिकटून बसायचा, हे तो उपटायला जायचे, की पुन्हा लाइट गेली. आधी पातळ पाइप आणला, त्याला भोकं पडली. मग जाड पाइप आणला, "माल" म्हणून, तर त्यावर ते वेल्डिंग आत उतरेचना. वरच्या वर बसायचं, शाळेच्या बाकाखाली पोरं च्युइंगम चिकटवतात तसं. हे मला भिंतीवरून दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. ते गोळे दिसायला वाईट दिसतात म्हणून त्यांनी ग्राइंडर आणला आणि सगळे सांधे घासून पाइपाच्या बरोबरीनं गुळगुळीत करून टाकले. जे काही थोडंफार चिकटलं होतं, तेही घासून काढलं! मी शिवताना शिवणीबाहेरचं कापड नीटनेटकं दिसावं म्हणून टाक्याला लावून कापलं, तर गिऱ्हाईक पहिल्यांदा वाकेल तेव्हा काय होईल? मी तेच भिंतीवरून ओरडून सांगितलं.

"हे कापड नाही," भावोजी म्हणाले. "तू तुझं बघ."

मग हिरवा रंग लावला. सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडेना. खालच्या पट्ट्या पायऱ्यांत बोल्टनं ठोकल्या आणि कठडा उभा राहिला. दिसायला चांगला होता. खोटं कशाला बोलू, लांबून बघणारा म्हणाला असता, कारागिराचं काम आहे.

ज्या दिवशी ताई उतरणार त्या दिवशी भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला बोलावून घेतलं, बघायला माणूस हवा ना. मी अंगणात फरशीजवळ उभी राहिले. ते शेवटच्या पायरीशी, हात मागे बांधून, जसा काही ट्रक काट्यावर चढतोय. ताई दारात आली. तिनं केस नीट विंचरले होते. किती दिवसांनी अंगणात यायची होती ती! तिनं उजवा हात कठड्यावर ठेवला, डाव्या हातानं दाराची चौकट धरली आणि पाय खाली टाकला. एक पायरी झाली. चौकटीवरचा हात सुटला. ओठ घट्ट मिटून ती दुसऱ्या पायरीवर आली. मला एवढा आनंद झाला की भावोजींना दिलेले सगळे टोमणे परत घ्यावेत असं वाटलं. सुदैवानं घेतले नाहीत.

कारण भावोजींचा चेहरा उतरला होता. ते ताईकडे बघत नव्हते, तिच्या मनगटाकडे बघत होते.

"थांब," ते म्हणाले.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"वजन कुठाय?"

"अहो, उतरू द्या ना मला."

"कठड्यावर वजन नाहीये तुझं. नुसता हात ठेवलायस."

"धरलंय की मी."

"धरलेलं नाहीस. मला शिकवतेस?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "पाव किलोसुद्धा नाही त्याच्यावर. सगळी त्या दुखऱ्या पायावर उभी आहेस."

 ताईच्या पोटऱ्या थरथरत होत्या, ते आता मलाही दिसलं. मी धावले, वर चढले आणि तिला काखेतून धरून पायरीवर बसवलं. माझा संताप संताप झाला. "अगं, पडली असतीस! विश्वास नव्हता तर उतरलीस कशाला?"

"एवढं केलं त्यांनी," ताई म्हणाली. "डोळे सुजवून घेतले. म्हटलं, एकदा उतरून दाखवावं."

"आणि पडली असतीस तर?" हे भावोजींनी विचारलं.

"नसते पडले. सवय आहे मला," ताई म्हणाली. ती हे रागानं नाही बोलली, नेहमीच्याच आवाजात बोलली. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

भावोजी वर आले. आमच्या बाजूनं अंग चोरून गेले आणि कठड्यावर दोन्ही हात टेकून त्यांनी आपलं सगळं वजन टाकलं. ते वजन काही कमी नाही, तेवढं एक ते कधी सांगत नाहीत. कठडा मोडताना आवाजसुद्धा झाला नाही. पाइप खालच्या पट्टीवरून अलगद सुटला आणि काटेसाहेब इस्त्रीच्या शर्टासकट कुंड्यांत जाऊन पडले. सुटलेल्या जागी पट्टी स्वच्छ होती, जशी दुकानातून आणली होती तशी.

लागलं फारसं नाही, कोपर सोललं. उठले ते थेट मशीनकडे गेले. पेचकस आणला. "मशीनच खोटं आहे. बघतोच आता," म्हणत स्क्रू काढायला बसले. मी ताईला आत बसवून आले आणि त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. मी अशी संधी सोडत नसते.

लाल पत्रा निघाला. आत एक हिरवट सर्किटची पाटी, छोटासा पंखा, दोन वायरी. पहिल्या दुकानातल्यापेक्षाही कमी काहीतरी असणार. आणि खाली, तळाला चार बोल्टांनी नीट कसून बसवलेला, सिमेंटचा ठोकळा. वर लाल रंगसुद्धा दिला होता, आतल्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही तिथे.

भावोजींनी तो बोल्ट सोडवून बाहेर काढला. तळहातावर ठेवला. आणि काय सांगू, जन्माची सवय, डोळे अर्धवट मिटले. "सहा किलो," ते म्हणाले.

मी हसले. तोंडावर पदर वगैरे काही घेतला नाही, खदाखदा हसले. "दगड, भावोजी! गाठीत दगड! ड्रायव्हर कुठे पळाला?"

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "त्यानं मला उचलून बघा म्हटलं. दुसऱ्या कुणाला म्हटलं नसेल." आणि ठोकळा मांडीवर घेऊन तसेच बसले.

गेटवाल्याकडे ते स्वतः गेले. मला पाठवलं नाही. तो आला तेव्हा त्याचं मशीन खांद्याला पट्ट्यानं लटकत होतं, शाळेच्या दप्तरासारखं. मी मुद्दाम भावोजींच्या हातांकडे बघितलं. त्यांनी ते पाठीमागे बांधले होते. गेटवाल्यानं हिरवा रंग सांध्यांपाशी खरवडला, पाइप तेच वापरले, पुन्हा जोडले. या वेळी सांध्यांवर जाड, ओबडधोबड वेटोळी दिसत होती. घासू का, असं त्यानं विचारलं. भावोजी म्हणाले, "नको."

सुईत दोरा ओवायचा चष्मा मी भावोजींकडे विसरले होते, तो घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते. बाहेर ताई दारात आली होती, एका हातात धुतलेल्या कपड्यांची लहान बादली. तिला कुणी उतर म्हणून सांगितलं नव्हतं, बघायला कुणाला बोलावलं नव्हतं. तिनं कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर तिचं अंग तिकडे झुकलं. खांदा खाली गेला, बोटं पांढरी झाली. मला काट्यातलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं.

"टाकलं," भावोजी म्हणाले. "सगळं टाकलं बघ. काल जोडलेल्या पाइपावर."

मी चष्मा शोधत होते. ते खिडकीतून न वळता म्हणाले, "माझ्यावर तिनं कधी टाकलं का गं?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असं काय बोलता, टाकलं असेल की. मी दुसरी कुणी नाही. माझ्याकडे ताईचा हलका तवा आहे. "नाही," मी म्हटलं. "तुम्ही कधी तिच्या आधाराला उभे होतात? तुम्ही आकडा बघत होतात."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.  मग मागच्या दारातून बाहेर गेले, पायऱ्या उतरले. ताई तिसऱ्या पायरीवर पोचली होती आणि बादली तिच्या गुडघ्यावर आपटत होती. त्यांनी तिच्या हातातून बादली घेतली. नुसती घेतली, तारेपाशी नेऊन ठेवली. किती भरली ते सांगितलं नाही.